गॅरेजच्या दाराचा खर्च: फोन करण्यापूर्वी काय मोजावे आणि किती द्यावे

जानेवारीतल्या एका पहाटे आमच्या गॅरेजमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. सांगलीहून आलेल्या आईला वाटले की वरच्या मजल्यावर कोणीतरी पडले. गॅरेजमध्ये जाऊन पाहिले तर सारे जिथल्या तिथे होते. मात्र दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेल्या जाड स्प्रिंगमध्ये दोन बोटे जातील एवढी फट पडली होती. बटण दाबले की ओपनरची मोटर गुरगुरे, दार चार इंच वर येई आणि तिथेच अडे. दोन्ही गाड्या आत होत्या आणि बाहेरचे तापमान १० अंश फॅरनहाइट होते.

घाईत मी 'फक्त २९ डॉलरमध्ये सर्व्हिस कॉल' अशी जाहिरात करणाऱ्या पहिल्याच कंपनीला फोन केला. आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटे टॉर्च फिरवून दोन्ही स्प्रिंगा, केबल, ड्रम, बेअरिंग आणि सगळे रोलर असा 'पूर्ण संच' बदलावा लागेल असे सांगितले आणि १,१८० डॉलरचा आकडा लिहून दिला. मी त्याला २९ डॉलर देऊन परत पाठवले, त्या रात्री स्प्रिंगची मापे घेतली आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी सुचवलेल्या एका कारागिराला ती मापे फोनवर सांगितली. त्याने ३६० डॉलरमध्ये दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, आणि बाकीचे जुने भाग आजही चालू आहेत.

या दोन आकड्यांमध्ये जे अंतर होते ते मालाचे नव्हते, माहितीचे होते. अमेरिकेत घर असलेल्या मराठी कुटुंबांना कधी ना कधी हा खर्च करावाच लागतो, म्हणून तो कसा ठरतो आणि आपल्या बाजूने कोणती तयारी करता येते, हे इथे क्रमाने मांडले आहे. दिलेले दर मजुरीसह आहेत आणि उपनगरांतले अलीकडच्या काळातले अंदाजे दर आहेत. न्यू जर्सी किंवा बे एरियात ते वरच्या टोकाला जातात, तर ओहायो किंवा टेक्ससच्या लहान शहरांत खालच्या टोकाला राहतात.

वजन कोण उचलते

भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी या दाराला 'शटर' हाच शब्द असतो, पण दुकानाचे शटर आणि हे दार यांत फरक आहे. शटरच्या पट्ट्या नळीभोवती गुंडाळल्या जातात. गॅरेजचे दार सहसा चार-पाच आडव्या फळ्यांचे असते, फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात, आणि कडांचे रोलर रुळात सरकत ते अखंड दार छताखाली आडवे होते. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी असे वर सरकणारे दार १९२१ मध्ये तयार केले आणि १९२६ मध्ये विजेवर चालणारा ओपनर आणला. मूळ रचना आजही तीच आहे.

एका गाडीचे पत्र्याचे साधे दार सुमारे ८० ते १०० पौंडांचे असते. दोन गाड्यांचे, सोळा फूट रुंदीचे, उष्णतारोधक भरण असलेले दार १५० ते २५० पौंडांपर्यंत जाते. हे वजन मोटर उचलत नाही. ते स्प्रिंग तोलून धरते, आणि मोटर त्या तोललेल्या दाराला फक्त ढकलते व ओढते. त्यामुळे 'दार उघडत नाही, म्हणजे ओपनर गेला' हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो, आणि त्या चुकीपायी चांगला ओपनर काढून नवा बसवलेली घरे मी पाहिली आहेत.

पहिली पायरी: बिघाड नेमका कुठे आहे

फोन उचलण्यापूर्वी दहा मिनिटे गॅरेजमध्ये उभे राहावे. दार खाली येता येता परत वर जात असेल आणि ओपनरचा दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत बसवलेल्या सेन्सरचा असतो. त्यावर कोळ्याचे जाळे असते, मुलाच्या सायकलचा धक्का लागून तो वाकडा झालेला असतो, किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन थेट त्यात शिरत असते. कापडाने पुसून आणि दोन्हींवरचे बारीक दिवे स्थिर होईपर्यंत हाताने सरळ करून हे काम फुकट होते. कंपनीचा माणूस यासाठीच १०० डॉलर किंवा अधिक घेतो. उन्हाचा त्रास असेल तर प्रकाश सोडणारा आणि घेणारा सेन्सर एकमेकांच्या जागी बसवले की बहुतेक वेळा तो मिटतो.

रिमोट अगदी जवळ आल्याशिवाय चालत नसेल, तर ओपनरमध्ये अलीकडे एलईडी बल्ब बसवला आहे का ते आठवून पाहावे. काही स्वस्त बल्ब रिमोटच्या लहरींमध्ये अडथळा आणतात. बल्ब काढून रिमोट तपासायला एक मिनिट लागते.

मोटर जोर लावते आणि दार जेमतेम उचलले जाते, तेव्हा नजर सरळ वर, स्प्रिंगकडे न्यावी. फट दिसली की निदान झाले. दार तिरपे झाले असेल, एक बाजू खाली आणि एक वर, तर दार उचलणारी केबल तुटली किंवा ती गुंडाळणाऱ्या ड्रमवरून उतरली आहे. मोटरचा आवाज येतो पण साखळी हलतच नाही, अशा वेळी ओपनरच्या आतले नायलॉनचे दातेरी चाक झिजलेले असते.

इथे दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. स्प्रिंग तुटलेली असताना पुन्हा पुन्हा बटण दाबू नये, कारण त्याने चांगली मोटरही जाते. दुसरी याहून महत्त्वाची आहे: दार उघड्या अवस्थेत अडकले असेल आणि स्प्रिंगची शंका असेल, तर ओपनरपासून लोंबणारी लाल दोरी ओढू नये. दोरी ओढताच दाराचा ओपनरशी असलेला संबंध सुटतो आणि दीडशे पौंडांचे दार गिलोटिनसारखे खाली येते. मुलांना आणि पाहुण्यांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी.

दुसरी पायरी: स्प्रिंगचे गणित

गॅरेजच्या दुरुस्तीत सर्वाधिक वेळा येणारा आणि सर्वाधिक लूट होणारा खर्च स्प्रिंगचा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्रमाणित टॉर्शन स्प्रिंगचे (म्हणजे दाराच्या वर दांड्यावर पीळ घेणाऱ्या स्प्रिंगचे) आयुष्य १०,००० फेऱ्यांचे मानले जाते. एक फेरी म्हणजे दार एकदा उघडणे आणि बंद होणे. कंपन्या दिवसाला चार फेऱ्या धरतात आणि त्यानुसार स्प्रिंग जवळजवळ सात वर्षे टिकते. आता आपल्या घरांचा हिशोब करा. पुढचा दरवाजा पाहुण्यांसाठी आणि गणपतीच्या दिवसांसाठी राखलेला असतो. घरातल्या माणसांची ये-जा गॅरेजमधूनच होते. चपला-बूट तिथे काढायचे, तांदळाची वीस पौंडांची पोती तिथे ठेवायची, कचऱ्याचा डबा तिथून बाहेर न्यायचा, मुले बसमधून उतरली की तिथूनच आत यायची. एका रविवारी मी मोजले तेव्हा आमचे दार अकरा वेळा उघडले होते. दिवसाला दहा फेऱ्या धरल्या तर १०,००० फेऱ्या १,००० दिवसांत, म्हणजे पावणेतीन वर्षांत संपतात. तेव्हा 'तीन वर्षांत कशी तुटली' म्हणून कारागिराशी वाद घालण्यात अर्थ नाही. स्प्रिंग तिचे काम करून गेलेली असते, आणि कडाक्याच्या थंडीत धातू ठिसूळ होत असल्याने अशी थकलेली स्प्रिंग बहुधा हिवाळ्याच्या सकाळीच जाते.

एक टॉर्शन स्प्रिंग बदलण्याचा रास्त दर १५० ते ३५० डॉलर आहे, आणि जोडीचा २५० ते ५००. जोडी असेल तर दोन्ही बदलाव्यात, कारण दोघींनी सारख्याच फेऱ्या केलेल्या असतात आणि येण्याजाण्याची मजुरी एकदाच पडते. रुळांच्या समांतर ताणलेल्या एक्स्टेन्शन स्प्रिंगा असतील तर खर्च सहसा थोडा कमी येतो, मात्र प्रत्येक स्प्रिंगच्या पोटातून सुरक्षेची तार ओवलेली आहे ना हे पाहावे. ती नसेल तर तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. काही घरांत दांड्याच्या नळीआड लपवलेली, वेन डाल्टन कंपनीची टॉर्कमास्टर नावाची रचना आढळते. तिथे बरेच कारागीर ती काढून साधी टॉर्शन रचना बसवण्याचा सल्ला देतात. तो खर्च नेहमीच्या जोडीपेक्षा बराच अधिक असतो, पण सल्ला बरोबर आहे, कारण पुढच्या वेळी सुटे भाग कुठेही मिळतात.

आता मापे. स्क्रूला हात न लावता, फक्त मोजपट्टीने ती घेता येतात. स्प्रिंगचे एकमेकांना चिकटलेले वीस वेढे मोजावेत आणि आलेली लांबी वीसने भागावी. साडेचार इंच आली तर तार ०.२२५ इंच जाडीची आहे. पाच इंच आली तर ०.२५० इंचाची. त्यानंतर संपूर्ण स्प्रिंगची लांबी घ्यावी, तुटली असल्यास दोन्ही तुकड्यांची बेरीज करावी. आतला व्यास घरगुती दारांत बहुतेक वेळा दोन इंच किंवा पावणेदोन इंच असतो आणि टोकाच्या शंकूवर तो बऱ्याचदा कोरलेला असतो. शंकूचा रंगही पाहून ठेवावा: वेढ्यांची दिशा सांगण्यासाठी उजव्या वेढ्यांच्या स्प्रिंगला लाल आणि डाव्या वेढ्यांच्या स्प्रिंगला काळा रंग देण्याची पद्धत आहे. जोडीतली एकच तुटली असेल, तर दुसरी पूर्ण ताणात आहे हे मोजताना क्षणभरही विसरू नये.

ही मापे फोनवर सांगितली की पलीकडचा सूर बदलतो. 'माणूस येऊन पाहील, मग सांगू' याऐवजी सरळ आकडा मिळतो, कारण ऐकणाऱ्याला कळते की या माणसाने ऑनलाइन किंमतही पाहिली असणार. तशी ती पाहावीच: एक स्प्रिंग किरकोळीत साधारण ४० ते ८० डॉलरला मिळते. त्यावर कारागिराची गाडी, विमा, तासाभराची मजुरी आणि नफा धरला की जोडीचे ३५०-४०० डॉलर रास्त वाटतात आणि ९०० वाटत नाहीत.

त्याच फोनवर एक प्रश्न अवश्य विचारावा: '२०,००० किंवा अधिक फेऱ्यांची स्प्रिंग किती जास्त पडेल?' जास्त फेऱ्यांची स्प्रिंग म्हणजे अधिक जाड आणि अधिक लांब तार, बाकी त्यात काही जादू नाही. जोडीमागे शंभरेक डॉलर अधिक जातात आणि आयुष्य दुप्पट होते. आपल्या वापराचा विचार करता या संपूर्ण लेखात मी डोळे झाकून शिफारस करीन असा वाढीव खर्च हा एकच आहे. उलट 'आजन्म वॉरंटी' हे शब्द ऐकले की सावध व्हावे. तिथे अनेकदा स्प्रिंग फुकट आणि मजुरी पूर्ण, असा मामला असतो, शिवाय वॉरंटीची किंमत पहिल्याच बिलात वसूल झालेली असते.

हे काम स्वतः करावे का? टाकी दुरुस्त करणारे, स्विच बदलणारे हात आपल्यात पुष्कळ आहेत आणि दोनेकशे डॉलर वाचवण्याचा मोहही समजण्यासारखा आहे. सात फूट उंचीच्या दाराच्या स्प्रिंगला साधारण साडेसात पूर्ण वेढे ताण द्यावा लागतो, तोही दोन पोलादी सळया आळीपाळीने शंकूच्या भोकांत घालून, पाव-पाव वेढ्याने. सळई निसटली तर मनगट, जबडा किंवा डोळा यांवर सगळी शक्ती एका क्षणात येते. सळईऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरून केलेल्या प्रयोगांच्या जखमा अमेरिकेतल्या इमर्जन्सी रूमना नवीन नाहीत. माझे मत स्पष्ट आहे: मापे आपण घ्यावीत, ताण दुसऱ्याने द्यावा.

तिसरी पायरी: बाकीच्या दुरुस्त्यांचे दर

केबलची जोडी १३० ते २५० डॉलरमध्ये बदलून होते. रुळावरून उतरलेले दार परत बसवायला १५० ते ३०० लागतात. दहा-बारा रोलर बदलण्याचे १०० ते २०० डॉलर होतात, आणि लोखंडी रोलर काढून बेअरिंगचे नायलॉन रोलर घातले तर दाराचा खडखडाट निम्म्याहून कमी होतो; वर शयनगृह असेल तर हे पैसे कारणी लागतात. वर्षाची देखभाल ७५ ते १५० डॉलरना मिळते, पण तिच्यातले बरेचसे काम आपल्याला जमण्याजोगे आहे: बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंग यांवर गॅरेज-दारासाठीचा सिलिकॉन किंवा लिथियमचा फवारा मारावा, सैल नट आवळावेत, आणि रूळ मात्र कोरडे पुसावेत. रुळात ग्रीस भरले की त्यात धूळ साचून राळ होते.

दाराच्या तळाचे रबर फाटले असेल तर ते आधी बदलावे. तीस-चाळीस डॉलरचे रबर आणि अर्धा तास एवढ्यात गार वारा, पावसाचे पाणी आणि हिवाळ्यात तांदळाच्या वासाने येणारे उंदीर यांची वाट बंद होते.

फळीला पोचा पडला असेल, तर एक फळी २५० ते ८०० डॉलरमध्ये बदलता येते, पण ते मॉडेल अजून बनत असेल तरच. दहा वर्षांच्या उन्हाने उडालेल्या रंगाशेजारी नवी फळी ठिगळासारखी दिसते. दोन फळ्या खराब असतील तर बहुधा संपूर्ण दाराचाच विचार करणे शहाणपणाचे ठरते.

गाडी रिव्हर्स घेताना दार ठोकले जाणे हा आपल्या घरांतला हमखास प्रसंग आहे, विशेषतः मुले सोळा-सतरा वर्षांची झाली की. असे झाल्यास गाडीच्या विम्यातून स्वतःच्या दाराचे पैसे मिळत नाहीत, कारण त्यातला मालमत्ता-नुकसानीचा भाग दुसऱ्यांच्या मालमत्तेसाठी असतो. दार घराच्या विम्यात येते आणि तिथे डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वजा होतो. डिडक्टिबल १,००० डॉलर आणि खर्च १,४०० असेल, तर चारशे डॉलरसाठी दावा नोंदवून पुढची हप्तावाढ ओढवून घेऊ नये. होम वॉरंटी घेतली असेल तर करार नीट वाचावा. अनेक योजनांमध्ये ओपनर येतो, दार आणि स्प्रिंगा येत नाहीत.

चौथी पायरी: ओपनर

नवा ओपनर बसवून ३५० ते ६५० डॉलरपर्यंत येतो. साखळीचा स्वस्त आणि आवाजाचा, पट्ट्याचा थोडा महाग आणि शांत. दांड्याच्या टोकाला भिंतीवर बसणारा ओपनर ६०० ते १,००० डॉलर घेतो आणि छत मोकळे ठेवतो. जोडलेल्या गॅरेजसाठी पट्ट्याचा घ्यावा. त्यात फार विचार करण्यासारखे काही नाही.

विचार करायचा तो जुना केव्हा टाकावा याचा. १ जानेवारी १९९३ नंतर अमेरिकेत बनलेल्या घरगुती ओपनरना, अडथळा आला की दार उलट फिरवणारी सेन्सरसारखी दुसरी सुरक्षा-व्यवस्था कायद्याने बंधनकारक झाली. आपल्या गॅरेजमध्ये त्याआधीचा, सेन्सर नसलेला ओपनर अजून टिकून असेल, तर तो चालतो म्हणून ठेवू नये, घरात लहान मूल असेल तर नाहीच नाही. त्याच्या उलट, बारा-पंधरा वर्षांच्या साखळीच्या ओपनरमधले नायलॉनचे चाक झिजले, एवढ्यावरून तो बाद होत नाही. तो संच साधारण २० ते ४५ डॉलरचा असतो आणि संयम असलेल्या माणसाला एका दुपारी बदलता येतो.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून नव्या घरगुती ओपनरला बॅटरीची जोड असणे सक्तीचे आहे. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही लोकांना गॅरेजचे दार उघडता आले नाही आणि त्यात जीव गेले, त्यातून हा कायदा झाला. इतर राज्यांत सक्ती नसली तरी वयस्कर आई-वडील घरी एकटे असतात अशा कुटुंबांनी बॅटरीचाच ओपनर घ्यावा, आणि लाल दोरी कशी वापरायची ते त्यांना दार बंद असताना एकदा हाताने करून दाखवावे.

पाचवी पायरी: नवे दार घ्यायचे ठरले तर

एका गाडीचे भरण नसलेले पत्र्याचे दार बसवून ८०० ते १,५०० डॉलर, भरण असलेले १,२०० ते २,५००, दोन गाड्यांचे १,५०० ते ४,०००, आणि लाकडी किंवा खास बनवून घेतलेले ४,००० पासून १०,००० च्याही पुढे, असे साधारण टप्पे आहेत. पोलादावरचे आयातशुल्क जून २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर गेले, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी मित्राने दिलेली किंमत मनात धरून बसू नये.

टाउनहाऊस किंवा एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर सर्वांत आधी त्यांचे नियम पाहावेत. रंग, खिडक्यांची घडण, फळीवरची नक्षी, सगळे ठरलेले असू शकते, आणि परवानगीविना बसवलेले दार स्वखर्चाने काढावे लागू शकते. परमिट लागते का, हे टाउनशिपला फोन करून विचारावे. गावागणिक उत्तर बदलते.

पत्र्याच्या जाडीत एक गंमत आहे: गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २४ गेज दणकट, २७ गेज चेंडूनेही पोचा पडणारा. ड्राइव्हवेवर क्रिकेट खेळणारी मुले असतील तर २७ घेऊ नये. भरण दोन प्रकारचे असते: पॉलिस्टायरीनच्या पाट्या, ज्यांत आर-मूल्य (उष्णता अडवण्याचे माप) साधारण ६ ते ९ येते, आणि पॉलियुरेथेनचा फेस, ज्यात ते १२ ते १८ पर्यंत जाते. विक्रेता या आकड्यावर बराच वेळ बोलतो. तो आकडा सहसा फळीच्या मध्याचा असतो; कडांच्या फटींतून जाणारी उष्णता त्यात धरलेली नसते. गॅरेज घराला जोडलेले असून वर खोली असेल तर पॉलियुरेथेन घ्यावे, कारण त्याने दार ताठ आणि शांतही होते. गॅरेज सुटे आणि न तापवलेले असेल तर त्यासाठी जास्तीचे हजार डॉलर घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

फ्लोरिडात गणित वेगळे आहे. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड काउंटीत वाऱ्याच्या दाबाला टिकणारी, मान्यताप्राप्त दारे बंधनकारक झाली, कारण गॅरेजचे दार आत ढासळले की वारा घरात घुसतो आणि छप्पर आतून उचलले जाते. तिथे ही दारे महाग पडतात आणि त्यात घासाघीस करण्यासारखे काही नसते.

किमान तीन कोट, म्हणजे किमतीचे लेखी अंदाज, घ्यावेत. होम डेपोतून क्लोपे आणि कॉस्टकोतून अमार कंपनीची दारे मिळतात, आणि एखादा तरी कोट स्थानिक विक्रेत्याचा असावा. प्रत्येक कोटात खालील गोष्टी लिहून मागाव्यात, कारण स्वस्त कोट बहुतेक वेळा यांतले काहीतरी गाळून स्वस्त झालेला असतो: नवे रूळ आणि नव्या स्प्रिंगा, स्प्रिंगांच्या फेऱ्यांची संख्या, सोळा फुटी दाराला आडवे मजबुतीचे पोलादी पट्टे, चौकटीच्या तिन्ही बाजूंचे रबर, जुने दार काढून नेणे, आणि जुना ओपनर नव्या दाराला जोडून देणे. जुन्याच रुळांवर नवे दार बसवू म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. मोजणीला आलेल्या माणसाने रुंदी-उंचीबरोबर दाराच्या वरची मोकळी जागाही मोजली की नाही ते पाहावे. बारा-पंधरा इंचांपेक्षा ती कमी असेल तर वेगळी जोडणी लागते आणि तिचे पैसे शेवटच्या दिवशी मागितले जातात.

घर विकताना नवे दार पैसे परत देते, असे सर्रास सांगितले जाते. घरसुधारणेचा खर्च आणि विक्रीतला परतावा यांची तुलना करणाऱ्या 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' अहवालाच्या २०२४ च्या आवृत्तीत ४,५१३ डॉलर सरासरी खर्चावर १९३.९ टक्के परतावा दाखवला आहे. हा आकडा जमीन-जुमल्याच्या व्यावसायिकांच्या अंदाजांवर उभा आहे, प्रत्यक्ष सौद्यांच्या नोंदींवर नाही. रस्त्यावरून दिसणारा घराचा एक तृतीयांश चेहरा हे दार व्यापत असल्याने विक्रीआधी पोचे पडलेले दार बदलावे हे खरे, पण चांगले दार दुप्पट पैसे मिळतील या आशेने बदलू नये.

सहावी पायरी: माणूस निवडणे आणि कागद

शोध घेतल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातींतल्या कित्येक 'स्थानिक कंपन्या' ही केवळ कॉल सेंटर असतात. ती आपले काम कमिशनवर कुणाला तरी विकतात. फोन उचलणारा कंपनीचे नाव न सांगता नुसते 'गॅरेज डोअर सर्व्हिस' म्हणत असेल आणि पत्ता विचारल्यावर घुटमळत असेल तर फोन ठेवावा. आपल्या गावच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप गट या कामी उपयोगी पडतो, फक्त तिथे 'कोणी चांगला आहे का' असे न विचारता 'कोणते काम, किती फुटी दार आणि किती दिले' असे विचारावे.

न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराची राज्याकडे नोंदणी असावी लागते, आणि ५०० डॉलरवरचा करार लेखी असावा लागतो. कॅलिफोर्नियात दारे आणि फाटकांसाठी डी-२८ हा वेगळा परवाना आहे. टेक्ससमध्ये या कामाला राज्याचा परवानाच नाही, त्यामुळे तिथे विम्याचे प्रमाणपत्र मागण्याला अधिक महत्त्व आहे. घरी येऊन केलेल्या २५ डॉलरवरच्या विक्रीला केंद्रीय नियमानुसार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो. आपणच दुरुस्तीसाठी बोलावले असेल तर त्या दुरुस्तीला तो लागू होत नाही. पण स्प्रिंगसाठी आलेल्या माणसाने गळ्यात नवे दार मारले, तर त्या दाराला लागू होतो. नव्या दाराची आगाऊ रक्कम मर्यादित ठेवावी आणि पूर्ण पैसे चाचणीनंतरच द्यावेत.

सातवी पायरी: पैसे देण्यापूर्वीच्या तीन चाचण्या

दार बंद असताना लाल दोरी ओढून ते हाताने अर्ध्यापर्यंत उचलावे आणि हात जरा सैल करावेत. नीट तोललेले दार जागेवर राहते किंवा अगदी थोडे सरकते. धाडकन खाली जात असेल किंवा आपोआप वर चढत असेल, तर स्प्रिंगचा ताण चुकला आहे आणि तो कारागिराने तिथल्या तिथे नीट करून द्यायला हवा. नंतर ओपनर जोडून दाराच्या मध्याखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवावी. दार तिला टेकताच उलट फिरले पाहिजे. शेवटी दार खाली येत असताना सेन्सरसमोर झाडू धरावा; तेव्हाही ते उलट फिरले पाहिजे. सेन्सर जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच लावलेला नसावा, नाहीतर रांगणारे मूल त्याखालून निसटते.

कारागीर गेला की जाड मार्कर घेऊन दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या फळीवर तारीख, तारेची जाडी, स्प्रिंगची लांबी, फेऱ्यांची संख्या आणि दिलेली रक्कम लिहून ठेवावी. आमच्या दारावर ०.२२५ च्या पुढे ३६० लिहिलेले आहे. आईने त्याच्या शेजारी खडूने एक स्वस्तिकही काढले आहे.